पाणथळीची प्रकृती तिच्या वनस्पतींवरून कशी ओळखतात

एखाद्या तलावाची प्रकृती कशी आहे हे ठरवायची वेळ आली की आपल्याकडे बहुधा पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली जाते. काही दिवसांनी अहवाल येतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट, सामू यांचे आकडे असतात. हे आकडे खरे असतात, उपयोगीही असतात, पण ते बाटली भरली त्या घटकेपुरते असतात. आदल्या रात्री वळीव कोसळला असेल तर आकडे वेगळे येतात, वरच्या शेतात नुकताच युरिया टाकला असेल तर वेगळे येतात, आणि प्राणवायूचे म्हणाल तर तो पहाटे एक असतो आणि भर दुपारी दुसराच असतो. काठच्या चिखलात मूळ धरून उभी असलेली वनस्पती मात्र वर्षभराचे सगळे सोसून तिथे टिकलेली असते. पाणी किती खोल साचले आणि किती दिवस राहिले, ते गढूळ होते की नितळ, तळापर्यंत ऊन पोहोचले का, सांडपाणी येते का, गुरे किती उतरतात, या साऱ्याचा निकाल ती जगली की मेली यातून आधीच लागलेला असतो. म्हणूनच पाणथळीतील वनस्पतींची नीट यादी करून तिच्यावरून पाणथळीची प्रकृती ओळखण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. ती कशी चालते आणि कुठे फसवते, हे या लेखात सांगायचे आहे.

पाणथळ म्हणजे काय, हा पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने या शब्दाची व्याप्ती मोठी ठेवली. दलदल, तलाव, नदीकाठ, खाडी, उथळ किनारा हे सारे तिच्यात येते, आणि पाणी नैसर्गिक असो वा माणसाने अडवलेले, बारमाही असो वा हंगामी, त्याने फरक पडत नाही. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर आणि लोणार ही ठिकाणे २०२० साली या कराराच्या यादीत आली, ठाण्याची खाडी २०२२ साली आली. यांपैकी नांदूर मधमेश्वर हा गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय आहे, म्हणजे माणसाच्या हातून घडलेली पाणथळ आहे.

पण उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जागा पाणथळ आहे की पडीक रान, हे ठरवायचे कसे? इथेही वनस्पतीच साक्ष देतात. अमेरिकेत यासाठी वनस्पतींचे पाच वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गातील वनस्पती जवळजवळ नेहमी, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक वेळा, पाणथळीतच सापडतात. शेवटच्या वर्गातील वनस्पती पाणथळीत १ टक्क्याहूनही कमी वेळा सापडतात. मधले तीन वर्ग या दोहोंच्या दरम्यान पायरीपायरीने येतात. वर्गांना १ ते ५ असे क्रमांक देऊन, जी वनस्पती जितकी जागा व्यापते तितके तिला वजन देऊन सरासरी काढली आणि ती ३ किंवा त्याहून कमी आली, तर तिथली वनस्पतिसृष्टी पाणथळीची मानतात. आपल्याकडे अनुभवी शेतकरी हाच निवाडा आकड्यांशिवाय करतो. बांधाच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यातही लव्हाळ्याचे हिरवे पट्टे दिसले की इथे पाणी मुरते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

जागा पाणथळ आहे हे ठरले तरी ती निरोगी आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक अवघड आहे. त्यासाठी प्रत्यक्ष काठावर जाऊ.

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले तलाव आजही आहेत. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची जुनी पद्धत, गेली तसे ते माजी मालगुजारी तलाव झाले आणि लोकांच्या तोंडी त्यांचे 'मामा तलाव' झाले. पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, समोरच्या बाजूला, जिथे जमीन हळूहळू उतरत पाण्यात जाते, तिथे पावसाळ्यानंतर उभे राहिले तर चांगल्या तलावात वनस्पतींचे पट्टे एकामागून एक लागलेले दिसतात. कोरड्या काठावर गवत असते. त्याच्या पुढे, जिथे पाऊल टाकताच चिखलात पाणी पाझरते, तिथे मोथ्याच्या कुळातल्या वनस्पती, माका आणि जमिनीसरशी पसरलेली ब्राह्मी असते. घोटाभर पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात, उभे असते. गुडघ्याच्या वर पाणी गेले की कुमुदाची तरंगती पाने सुरू होतात, आणि त्यांच्याही पुढे वरून काहीच दिसत नाही, कारण तिथली झाडी पाण्याखाली असते. गोंदियातील तलावांवर सारस क्रौंच अजूनही येतात, ते या उथळ, देवधानाच्या पट्ट्यांच्या आधाराने.

पाण्याखालचे हे रान माझ्या मते साऱ्या तपासणीचे मर्म आहे. हात घालून एक काडी उपटावी. खोडावर गाठीगाठीला चार ते आठ बारीक पाने वर्तुळात लागलेली असली आणि पान दोन बोटांच्या चिमटीतून ओढताना कड खरखरीत लागली, तर ती हायड्रिला. पाने चिवट सुतासारखी असून टोकाकडे दुभंगलेली असली आणि वनस्पतीला मूळच सापडले नाही, तर ते सेराटोफायलम. तळातून निघालेल्या लांबलचक हिरव्या फितीच हाती आल्या, तर ती व्हॅलिसनेरिया. हिच्या मादी फुलाचा देठ पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत लांबत जातो, तळाशी सुटलेली बारीक नर फुले वर येऊन तरंगत त्याला भेटतात, आणि फलन झाल्यावर तोच देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेत फळाला पुन्हा खाली ओढून नेतो. हे सारे घडायला पाणी तळापर्यंत उजेड जाण्याइतके नितळ लागते. ही झाडी दाट आणि अनेक जातींची असेल, तर तलावाबद्दल अर्धे उत्तर मिळालेले असते.

पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले, मग ते खतांतून आलेले असो वा गावाच्या सांडपाण्यातून, की सर्वांत आधी सूक्ष्म शैवाल फोफावते. पाणी हिरवट, दाट होते आणि तळाशी उजेड पोहोचेनासा होतो. बुडालेली झाडी मरते. तिच्या मुळांनी धरून ठेवलेला गाळ मोकळा होतो, वाऱ्याने आणि माशांच्या उकरण्याने तो ढवळला जातो, पाणी आणखी गढूळ होते, आणि उरलीसुरली झाडीही जाते. म्हणजे एकदा घसरण सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पुढे ढकलते. म्हणूनच उथळ तलावात नुसते सांडपाणी थांबवून पाणी लगेच निवळत नाही. आत साठलेला स्फुरद आणि सुटा गाळ ते पुष्कळ काळ गढूळच ठेवतात. या अवस्थेत ज्या वनस्पतींना तळाच्या उजेडाची गरजच नाही, त्यांचे फावते. जलपर्णी ही त्यांतली सर्वांत ओळखीची. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. पाण्यावर तरंगते, अन्नद्रव्ये थेट पाण्यातून घेते आणि ऊन सगळ्यांच्या आधी तिलाच मिळते. पुण्याच्या मुळा-मुठेवर किंवा इंद्रायणीवर तिचा जो हिरवा गालिचा दिसतो, तो त्या पाण्यात किती सांडपाणी येते याचे मोजमाप आहे. जलपर्णी काढण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात आणि दरवर्षी ती परत येते, कारण तिला पोसणारे पाणी येतच राहते.

आता या निरीक्षणांचे आकड्यांत रूपांतर कसे करायचे? त्याची सर्वांत प्रसिद्ध रीत १९७० च्या दशकात अमेरिकेतील शिकागोच्या परिसरात घडली. फ्लॉइड स्विंक आणि जेरुल्ड विल्हेल्म या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या भागातील प्रत्येक देशी वनस्पतीला ० ते १० यांमधला एक गुणांक दिला. त्यामागचा विचार सरळ होता. काही वनस्पती कुठेही उगवतात. नाल्याच्या काठी, खोदलेल्या जमिनीत, कचऱ्याच्या ढिगाशेजारी. त्यांना ० किंवा १. काही वनस्पती मात्र जिथे मूळची परिस्थिती फारशी बिघडलेली नाही तिथेच तग धरतात. त्यांना ९ किंवा १०. या गुणांकाला आपण 'निष्ठांक' म्हणू, कारण ती वनस्पती आपल्या मूळ अधिवासाशी किती निष्ठेने बांधलेली आहे, हे तो सांगतो. वनस्पती सुंदर आहे का, औषधी आहे का, दुर्मीळ आहे का, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. बाहेरून आलेल्या जातींना गुणांक मिळत नाही किंवा शून्य मिळतो.

मग एखाद्या जागेवर जाऊन सापडतील तितक्या जातींची यादी करायची, त्यांच्या निष्ठांकांची सरासरी काढायची, आणि तिला जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे त्या जागेचा वनस्पती-गुणवत्ता निर्देशांक. उदाहरणापुरते समजू की एका तळ्यात १६ जाती सापडल्या आणि त्यांची सरासरी ५ आली. १६ चे वर्गमूळ ४, म्हणून निर्देशांक २०. दुसऱ्या तळ्यात ३६ जाती सापडल्या, पण सरासरी ३ च आली. ३६ चे वर्गमूळ ६, म्हणून निर्देशांक १८. दुसऱ्या तळ्यात दुपटीहून अधिक जाती असूनही पहिले वरचढ ठरले, आणि ते योग्यच आहे. वर्गमूळ घेण्याचे कारण हेच की जातींची संख्या मोजली जावी, पण तिने दर्जाला झाकून टाकू नये.

तरीही संख्या कधी कधी दर्जाला झाकतेच. तिसरे तळे फार मोठे आहे आणि तिथे ६४ जाती सापडल्या, असे समजा. सरासरी दुसऱ्या तळ्याइतकीच, म्हणजे ३, पण ६४ चे वर्गमूळ ८ असल्याने निर्देशांक २४ येतो. तळे मोठे म्हणून जाती जास्त, आणि जाती जास्त म्हणून गुण जास्त. आरोग्याचा त्यात काही संबंध नाही. या दोषावर पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि वेगवेगळ्या आकारांच्या जागांची तुलना करताना निर्देशांकापेक्षा नुसती सरासरी पाहावी, असे अनेक अभ्यासक सांगतात. मलाही ते पटते. शिवाय यादीत एक रोप सापडले तरी ती जात मोजली जाते आणि अर्धे तळे व्यापणारी जातही एकदाच मोजली जाते. म्हणून कोणती जात किती जागा व्यापते, याची वेगळी नोंद ठेवल्याशिवाय हा आकडा एकटा वापरू नये.

शिकागोचे गुणांक महाराष्ट्रात आणून चालणार नाहीत. ते त्या मातीतल्या वनस्पतींसाठी, त्या भागात वर्षानुवर्षे फिरलेल्या माणसांच्या अनुभवातून ठरलेले आहेत. पण त्यामागचा विचार इथल्या वनस्पतींना लावून पाहता येतो. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पावसाळ्यात कातळाच्या खोलगट भागांत पाणी साचते आणि त्यात वायतुरा उगवतो. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दोन फाट्यांचा त्याचा तुरा पाण्याच्या वर येतो. तो उत्तरेकडच्या सह्याद्रीबाहेर आढळत नाही, आणि सड्यावर माती टाकली, रस्ता केला किंवा पाण्याची वाट मोडली की तो नाहीसा होतो. त्याच ओलसर कातळावर सीतेची आसवे फुलतात. ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून त्यांतून नत्र मिळवते, कारण तिथल्या पाण्यात ते जवळजवळ नसतेच. अशा ठिकाणी खतांचे पाणी पोहोचले तर तिचे हे कसब निरुपयोगी ठरते आणि जोमाने वाढणारे गवत तिला दाबून टाकते. या दोघींना कोणीही वरचा निष्ठांक देईल. पाणकणीस देशी आहे, पण सांडपाण्याच्या नाल्यातही उत्तम वाढते. त्याला खालचा अंक मिळेल. अमेरिका खंडातून आलेल्या बेशरम या झुडपाला शून्य. या मधल्या शेकडो जातींना अंक देणे हे खरे काम आहे, आणि ते विदर्भ, मराठवाडा, देश, कोकण असे विभागवारच करावे लागेल, कारण कोकणात सर्वत्र दिसणारी वनस्पती मराठवाड्यात एखाद्याच झऱ्याच्या काठी तग धरून असू शकते.

तुलना नेहमी सारख्याशी सारख्याची करावी लागते. लोणारचे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे. त्यात सपुष्प वनस्पती जवळपास नाहीत आणि सूक्ष्म जीवांचेच राज्य आहे. त्या सरोवराला मामा तलावाच्या मापाने मोजले तर ते मरणपंथाला लागलेले दिसेल, वस्तुतः ते त्याचे मूळचे रूप आहे. लोणारला उलट काठावरून येणारे गोडे पाणी आणि सांडपाणी यांची चिंता करायला हवी. ठाण्याच्या खाडीचा धडा आणखी निराळा आहे. तिथे तिवराची झाडी वाढली, आणि तिवर वाढले की खारफुटी वाचली असे आपल्याला वाटते. पण तिवर प्रदूषण आणि गाळ दोन्ही सहन करणारे झाड आहे; खाडी गाळाने भरत गेली तसे ते नव्या चिखलावर सरकत गेले, आणि ज्या उघड्या चिखलावर रोहित पक्षी चरतात तो आक्रसला. हिरवा रंग वाढल्याचे उपग्रहाच्या चित्रात दिसते. ते का वाढले, हे चिखलात उतरूनच कळते.

याबाबतीत भरतपूरच्या केवलादेव उद्यानाइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे नसेल. १९८१ साली ही पाणथळ रामसर यादीत आली. १९८२ च्या नोव्हेंबरात उद्यानात गुरे चारण्यावर बंदी घालण्यात आली. गुरांनी पाणथळीची नासधूस होते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. बंदीविरुद्ध गावकरी उठले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे गेली. त्यानंतर जे घडले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. म्हशी जे गवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते पास्पॅलम जातीचे गवत मोकळे सुटले आणि उथळ पाणी भरून टाकू लागले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे १९८० च्या दशकभर अभ्यास केला आणि म्हशींचे चरणे त्या पाणथळीच्या स्वास्थ्याचाच भाग होते, असा निष्कर्ष काढला. बंदीला आधी पाठिंबा देणाऱ्या संस्थेने आपल्याच नोंदींवरून मत बदलले, याबद्दल मला फार आदर वाटतो. १९९० मध्ये, स्वरूप बिघडत चाललेल्या पाणथळींसाठी रामसर करारात जी वेगळी नोंदवही आहे, तिच्यात केवलादेवचे नाव गेले. पाण्याची टंचाई हे एक कारण होते, हे गवत दुसरे. पाणगवताचे कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचांसाठी ती जागा निकामी होत गेली.

भरतपूरला वनस्पती कमी झाल्या नव्हत्या. हिरवळ भरपूर वाढली होती. एका जातीने बाकीच्यांची जागा घेतली होती, आणि हे जातवार मोजल्याशिवाय कळले नसते.

मोजण्याची प्रत्यक्ष रीत साधी आहे, तिला वेळ मात्र द्यावा लागतो. काठापासून खोल पाण्याकडे एक दोरी ताणायची आणि ठरावीक अंतरावर एक मीटर लांब-रुंद चौकट ठेवून तिच्यात कोणत्या जाती आहेत आणि प्रत्येकीने किती भाग व्यापला आहे, हे लिहायचे. असे अनेक दोर टाकावे लागतात, कारण गावाकडचा काठ आणि रानाकडचा काठ सारखा नसतो. महाराष्ट्रात एका भेटीत हे काम होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाण्यातली झाडी फुलावर असते. पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर निराळ्याच वनस्पती उगवतात, ज्यांचे बी चिखलात वाट पाहत पडलेले असते. ज्या पट्ट्यात गाळपेर होते तिथे तर पेरणीच्या आधी पोहोचले नाही तर ही नोंद हुकतेच. मोथ्याच्या कुळातल्या जाती फुलोऱ्याशिवाय ओळखता येत नाहीत, म्हणून फुलोरा असलेला नमुना घ्यावा. पाण्याखालच्या वनस्पतीचा नमुना बाहेर काढताच गोळा होऊन बसतो. त्यासाठी परातीत पाणी घेऊन त्यात वनस्पती तरंगू द्यावी, खालून जाड कागद सरकवावा आणि तो अलगद उचलावा, म्हणजे पाने जशी पाण्यात पसरली होती तशीच कागदावर बसतात. नमुन्यासोबत जागा, तारीख, पाण्याची खोली आणि स्थानिक नाव लिहावे. स्थानिक नाव तर विसरूच नये.

मामा तलावांच्या प्रदेशात या नावांची किंमत कळली. तिथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो, आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो, कोणाच्या पानांवर अंडी घालतो, हे त्याला ठाऊक असते. तलावांत बेशरम पसरले, व्यापारी मासेमारीसाठी बाहेरून माशांचे बीज आणून सोडले गेले, पाण्याखालची झाडी गेली आणि देशी मासेही गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांसोबत हे ज्ञान नोंदवून घेतले आणि गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलाव दुरुस्त करण्याचे काम त्यावर उभारले. आधी बेशरम मुळासकट काढायचे, कारण तुटलेली कांडी चिखलात पडली तरी ती पुन्हा रुजते आणि पाने विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत. मग पावसाळ्यापूर्वी तलावाचा तळ नांगरायचा, आणि पाणी भरू लागले की चांगल्या तलावांतून आणलेल्या हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिसनेरिया आणि तरंगत्या पानांच्या वनस्पती खोलीप्रमाणे लावायच्या. लावणीत बायकांचा मोठा वाटा राहिला. झाडी रुजली तसे देशी मासे परत दिसू लागले. कोणत्या खोलीवर काय लावायचे, हे जुन्या लोकांना आठवत असलेल्या त्याच पट्ट्यांवरून ठरले: काठाला मोथ्याची जात, घोटाभर पाण्यात देवधान, त्यापुढे कुमुद, आणि सर्वांत खोल, जिथे उजेड जेमतेम पोहोचतो तिथे, व्हॅलिसनेरियाच्या फिती.